माशी बसेपर्यंत

ड्रमचं झाकण उघडायचं, तोंड बाजूला करून श्वास सोडायचा आणि मग वाकून हळूच आत घ्यायचा. काम एवढंच. पण ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणाऱ्या त्या केंद्रावर हे काम एकच बाई करत असे, आणि ती ‘जाऊ दे’ म्हणेपर्यंत एकही ड्रम पुढे सरकत नसे. खानावळीत उरलेलं अन्न, बाजारातली सडकी भाजी, कारखान्यांच्या कॅन्टीनमधलं खरकटं, सगळं आधी तिच्या नाकाखालून जायचं. आंबलेलं चालतं. कुजलेलं चालतं, बुरशी आलेलंही चालतं. चालत नाही ते फिनेल, ब्लीच, रॉकेल, रंगाचं थिनर. असा ड्रम आला की ती ‘बाजूला’ म्हणायची आणि पुढच्या ड्रमकडे वळायची. वाद घालायची तिला सवय नव्हती, गरजही पडत नसे.

केंद्रावर तिला सगळे वहिनी म्हणत. कचरा गोळा करणाऱ्या टेम्पोचा चालक तिचा धाकटा दीर. त्याने पहिल्या दिवशी फाटकातून ‘वहिनी’ अशी हाक मारली, ती इतरांनी उचलली. वयाने तिच्याहून मोठा असलेला मॅनेजरही तिला वहिनीच म्हणतो.

ड्रम पुढे गेला की दळण यंत्रात जातो, तिथून घुमटाच्या टाकीत. टाकीत हवा नसते, जिवाणू असतात. ते अन्न खातात आणि गॅस सोडतात. तो गॅस नळाने शेजारच्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जातो. टाकी आणि नळ सांभाळणारा पंपवाला या जिवाणूंना ‘मंडळी’ म्हणतो. मंडळी जेवली, मंडळी रुसली, मंडळींना आज आंबट जास्त झालं. बोलायची ढब थट्टेची असली तरी मुद्दा खरा आहे. एका बादली ब्लीचने मंडळींची पंगत उठू शकते, आणि ती पुन्हा बसवायला महिने लागतात. म्हणून धक्क्यावर, ड्रम उतरवतात त्या जागी, वहिनी.

त्याआधी ती टेबलावर होती. शेडच्या मागे पत्र्याचं लांब टेबल आहे. मिसळून आलेला कचरा तिथे ओततात आणि त्यातून चमचे, रबर, पिशव्या, हाडं हाताने वेचतात. वरून पाण्याची धार चालू असते. हातमोज्यांत पाणी शिरतं आणि दिवसभर तिथेच राहतं. काही वर्षांत वहिनीच्या बोटांची पेरं सुजली, सकाळी मूठ मिटेना. तशात एकदा तिने टेबलावरूनच ओरडून एक ड्रम थांबवला होता. सगळ्यांनी तो चांगला ठरवला होता, तळाशी थिनरचा डबा निघाला. मॅनेजरने तिला धक्क्यावर आणलं. पाण्यातून हात सुटले. नाक शाबूत आहे तोवर धक्का आपला, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मग तिला ताप आला. ताप उतरला, नाक गेलं.

कामावर परतल्यावर ती पहिल्या ड्रमवर वाकली, तेव्हा आत काहीच नव्हतं. म्हणजे ड्रम काठोकाठ भरलेला होता, पण कुणी घासून पुसून ठेवलेलं भांडं नाकाखाली धरावं तसं वाटलं. ती पुन्हा वाकली. दिराने टेम्पोतून विचारलं, “काय गं वहिनी, तळ शोधतेस का?” ती म्हणाली, “जाऊ दे.” तो ड्रम चांगला निघाला. त्या दिवशी सगळेच चांगले निघाले. बहुतेक ड्रम चांगलेच असतात, या एका गोष्टीवर तिचे पुढचे कितीतरी दिवस निघाले.

घरी हे फक्त सासूबाईंना कळलं. नवरा शिलाईच्या दुकानातून उशिरा येतो, जेवतो, झोपतो. सासूबाई दिवसभर घरात, आणि त्यांच्या नजरेतून सुई सुटत नाही. एका संध्याकाळी वहिनी ओट्याशी पाठ करून भाजी चिरत होती. मागे दूध उतू गेलं, आटलं, करपलं.

“घर जाळतेस का?” सासूबाई आतून आल्या. त्यांनी गॅस बंद केला, काळं झालेलं पातेलं उचललं आणि सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. “पलीकडच्या खोलीत माझा जीव गुदमरला. तू हातभर अंतरावर उभी. लक्ष कुठे होतं?”

“इथेच होतं.”

सासूबाईंनी पातेलं तिच्या नाकाशी धरलं. वहिनीने तोंड फिरवलं नाही. म्हातारीने पातेलं मोरीत ठेवलं, त्यात पाणी सोडलं.

“कामावर माहीत आहे?”

“नाही.”

“मग सांगूही नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. येईल परत, जाईल कुठे.”

सून कामावरून आली की दारातच ‘आधी मोरीत जा’ म्हणायची या बाईंची अनेक वर्षांची रीत. आता सून स्वतःच मोरीत जाऊन कातडी लाल होईपर्यंत घासायची आणि बाहेर येऊन विचारायची, “वास येतोय का?” सासूबाई म्हणायच्या, “नाही.” ते खरं की खोटं, हे कळायला तिच्याकडे काही साधन नव्हतं.

साधन तिला धक्क्यावर सापडलं. ते म्हणजे माशा. शेड तिन्ही बाजूंनी उघडी. झाकण निघालं की माशा यायच्या. पण प्रत्येक ड्रमवर त्या सारख्या बसत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. चांगल्या मालावर त्या थेट उतरतात, पाय घासतात, हलत नाहीत. फिनेल असेल तर घिरट्या घालतात आणि निघून जातात. एकदा एका ड्रमवर एकही माशी टेकेना. तिने ‘बाजूला’ म्हटलं. ओतून पाहिलं तर आत लादी पुसायच्या औषधाची बाटली. पंपवाल्याने हात जोडले. “वहिनींचं नाक म्हणजे नाक,” तो म्हणाला, आणि ती खाली बघत राहिली.

त्या दिवसापासून ती झाकण उघडायची, वाकायची, श्वास घेतल्यासारखं करायची आणि थांबायची. माशी बसेपर्यंत. ती अलीकडे जास्त वेळ घेते, काळजीपूर्वक करते, असं लोक म्हणू लागले.

पण धक्क्याबरोबर आणखी एक काम तिच्याकडे आपोआप आलं होतं. टाकीच्या मागे व्हॉल्व्हचा खड्डा आहे. माणूस उभा बुडेल एवढा खोल, आत लोखंडी शिडी, वर पत्र्याचं झाकण. तिथे गॅस साचू शकतो. मॅनेजरचा नियम असा, की गॅस लागला की वाजणारा मीटर आत सोडून पाहिल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. मीटर कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये असे. पंपवाल्याला तो आवडत नसे. “नुसता कान खातो,” म्हणायचा. त्यापेक्षा तो झाकण सरकवून हाक मारायचा, “वहिनी, उतरू?” ती यायची, वाकायची, ‘उतर’ किंवा ‘थांब’ म्हणायची. थांब म्हटलं तर हवा लागू द्यायची आणि पुन्हा विचारायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

खड्ड्यावर माशांचा उपयोग नव्हता. तापानंतर तिने सांगून पाहिलं, “मला सर्दी आहे, मीटर घे.” त्याने दोनचारदा घेतला. नंतर म्हणाला, “एवढी सर्दी हत्तीलासुद्धा होत नाही वहिनी. औषध घ्या.” तिला सर्दी बरी करावी लागली. मग ती आधी ‘थांब’ म्हणायची, बराच वेळ जाऊ द्यायची आणि नंतर ‘उतर’. तो खाली असेपर्यंत ती धक्क्यावर परत जात नसे. काहीतरी निमित्त काढून शिडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि त्याला बोलतं ठेवायची. तो गप्प झाला की हाक मारायची. “काय झालं वहिनी, एकटं करमत नाही का?” तो खालून विचारायचा.

मग शेजारच्या वसाहतीतल्या लोकांनी माशांची तक्रार केली. ती रास्त होती. मॅनेजरने ऐकलं. शेडला बारीक जाळी लागली, दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि आढ्याला निळे दिवे, ज्यांच्यावर माशी आपटली की चट्ट आवाज होतो.

जाळी ठोकणं चालू असताना वहिनी मॅनेजरकडे गेली. “धक्क्याची बाजू उघडी ठेवा.”

“का? तिथेच तर सगळ्यात जास्त आहेत.”

“हवा लागत नाही.”

“जाळीतून हवा येते वहिनी.”

“माशांनी आपलं काय बिघडवलंय?”

पंपवाला पाना घेऊन तिथेच उभा होता. “ऐकलं का साहेब? ज्या बाई नाकावर माशी बसू देत नाहीत, त्या माशांची वकिली करतायत.” मॅनेजर हसला. वहिनीही हसली, हसणं भाग होतं. जाळी पूर्ण झाली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले, ते तिने कुणाला नीट सांगितलेलं नाही. रंग बघायची, फेस बघायची, बोट घालून चोळून बघायची. ब्लीच बोटांना बुळबुळीत लागतो. पण तेलही बुळबुळीत लागतं. दिराला ‘तू बघ’ म्हणता आलं असतं. पण त्याने ‘का’ विचारलं असतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत केंद्रभर झालं असतं.

कारखान्याच्या कॅन्टीनचे ड्रम आले तेव्हा दीर घाईत होता, मागे बाजाराची फेरी राहिली होती. तिने पहिलं झाकण उघडलं. भात, पोळ्यांचे तुकडे, पातळ डाळ, वर पाणी नेहमीपेक्षा जास्त. ती वाकली आणि थांबली. आढ्याला एक चट्ट झाला.

“झालं का?” दीर म्हणाला. “की मुहूर्त बघतेस?”

तिने बोट घातलं. बुळबुळीत. डाळीला वर तेलाचा तवंग होता.

“पाणी जास्त आहे,” ती म्हणाली.

“भांडी विसळली असतील. बाजूला काढू? मग हे सगळे मला परत न्यावे लागतील, आणि तिथला मुकादम माझं डोकं खाईल. तूच सांग, काढू?”

‘बाजूला’ म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. “जाऊ दे,” ती म्हणाली. त्या गाडीतले सगळे ड्रम गेले.

टाकी लगेच काही बोलत नाही. काही दिवसांनी घुमट खाली बसू लागला. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून निरोप आला, की शेगडी फडफडते. मग ती पेटेचना. त्यांनी सिलिंडर आणले. मॅनेजरने टाकीतला नमुना तपासला, आंबटपणा वाढला होता. त्याने एकेका खानावळीला फोन लावले. कॅन्टीनवाल्याने आढेवेढे न घेता सांगितलं, की त्यांनी कोठीघर जंतुनाशकाने धुतलं होतं आणि ते पाणी पोरांनी त्याच ड्रमांत ओतलं. मॅनेजर धक्क्यावर आला.

“वहिनी, कॅन्टीनचे ड्रम आठवतात?”

“आठवतात.”

“असू दे. एखादा सुटतो कुणाच्याही हातून,” तो म्हणाला, आणि गेला. तिला त्याने झापलं असतं तर बरं झालं असतं.

बिघडलेली टाकी फेसाळते. तो फेस नळात शिरला, आणि एका दुपारी मागच्या बाजूने उसळून बाहेर येऊ लागला. मॅनेजर रुग्णालयात गेला होता. खड्ड्यातला व्हॉल्व्ह बंद करून नळ मोकळा करणं भाग होतं. पंपवाल्याने झाकण सरकवलं, गुडघ्यांवर बसून आत डोकावला.

“आधी जरा आला,” तो म्हणाला. “सडक्या अंड्यासारखा. आता नाही.” मग नेहमीसारखी मान वळवून, “वहिनी, उतरू?”

ती आली. दीर फेसाची बादली घेऊन बाजूला उभा होता. ती वाकली. खड्ड्याबाहेरच्या फेसावर माशा होत्या, इथे जाळी नव्हती. खड्ड्याच्या तोंडावर एकही नव्हती. पण अंधाऱ्या खड्ड्यावर माशा तशाही जात नाहीत. याचा अर्थ काय लावायचा, तिला कळेना.

“थांब,” ती म्हणाली. “मीटर आण.”

“मीटरचे सेल गेलेत. कधीचे. येतोय का वास, तेवढं सांगा.”

“येतोय.”

तो थांबला. फेस वाढत होता, त्याच्या चपलांपर्यंत आला. दिराने एक बादली उपसून टाकली, दुसरी टाकली. पंपवाल्याने पुन्हा नाक खुपसलं. “मला तर काहीच नाही. आता?”

“थांब अजून.”

“टाकीवर दाब येतोय वहिनी. नळ फुटला तर कुणाला सांगणार? आता बघा नीट. उतरू?” त्याने वळून एक पाय शिडीच्या वरच्या दांड्यावर ठेवला होता. दोन्ही हात काठावर. तिच्याकडे पाहत होता. ‘उतर’ म्हटलं असतं तर तो क्षणात खाली गेला असता. पुन्हा ‘थांब’ म्हटलं असतं तर त्याने पुन्हा विचारलं असतं.

“मला विचारू नकोस,” ती म्हणाली. “माझं नाक गेलंय. त्या तापात गेलं. तेव्हापासून मी अंदाजाने सांगतेय.”

दीर हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याने तिचं तोंड पाहिलं आणि बादली खाली ठेवली. पंपवाल्याने पाय शिडीवरून सावकाश उचलून जमिनीवर घेतला.

“मग मगाशी येतोय म्हणालात ते?”

“अंदाजाने.”

“आणि कॅन्टीनचे ड्रम?”

“तेही.”

फेस काठावरून खड्ड्यात पडत होता, त्याचा आवाज येत होता. दीर कार्यालयाकडे पळाला. तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून त्याने मीटरला घातले. पंपवाल्याने मीटरला सुतळी बांधली आणि खड्ड्यात सोडला. शिडीच्या निम्म्यापर्यंतही तो पोचला नव्हता, तेवढ्यात किंचाळायला लागला. पंपवाल्याने तो वर ओढला. वर आल्यावर तो गप्प झाला. त्याने पुन्हा सोडला. तो पुन्हा किंचाळला.

पंपवाला भिंतीला टेकून खाली बसला. “रोज तुमच्या एका शब्दावर उतरत होतो मी,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

वहिनीने दिराची बादली उचलली आणि ती फेस उपसायला लागली.

मॅनेजर परतला, पंख्याने खड्ड्यात हवा मारली, मीटर गप्प झाल्यावर कमरेला दोर बांधून पंपवाला उतरला आणि नळ मोकळा झाला. मग मॅनेजरने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. तो रागीट माणूस नाही. त्याने आधी विचारलं, मीटरचे सेल संपलेले असून कुणी बदलले कसे नाहीत, आणि त्यात स्वतःलाही धरलं. त्याने सांगितलं, की सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू थोडा असतो तेव्हाच वास येतो. जास्त झाला की तो नाकच बधिर करतो. आधी येतो आणि मग जातो, तेव्हा तो गेलेला नसतो. “वहिनींचं नाक शाबूत असतं, तरी त्या खड्ड्यावर त्याचा भरवसा नव्हता,” तो म्हणाला. मग वहिनीकडे वळून, “पण ड्रमांचं तसं नाही.”

“नाही,” ती म्हणाली.

ती पुन्हा टेबलावर गेली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी दारातच विचारलं, “मूठ उघडलीस?”

“उघडली.”

“बरं.” थोड्या वेळाने त्यांनी पाणी तापवलं, मीठ टाकलं आणि घमेलं तिच्यापुढे सरकवलं. “बोटं बुडव. उद्यापासून लागेलच.” पाणी निवेपर्यंत तिने बोटं बुडवून ठेवली. मग वहिनीने विचारलं, “इतके दिवस माझ्या अंगाला वास यायचा ना?” सासूबाई म्हणाल्या, “यायचा.”

टाकी सावरायला वेळ लागला. दुसऱ्या एका केंद्राच्या टाकीतला, मंडळी जिवंत असलेला काला आणून ओतावा लागला, त्यांचं जेवण थोडं थोडं करून वाढवावं लागलं. रुग्णालयात शेगडी पुन्हा पेटली तेव्हा वहिनीला कुणी मुद्दाम सांगायला आलं नाही, दिराच्या बोलण्यातून तिला कळलं. धक्क्यावर आता पाळी असते. आलेला प्रत्येक ड्रम दोघं हुंगतात, आणि दिराला टेम्पोत चढवण्याआधी खानावळीच्या दारात हुंगावा लागतो. “वहिनीने झाकलं आणि माझं नाक कापलं,” असं तो येताजाता म्हणतो.

केंद्रावर दोन मतं आहेत. तिने पंपवाल्याला मरणाच्या तोंडून ओढलं, असं काही म्हणतात. तिनेच त्याला तिथवर नेलं, असं बाकीचे म्हणतात. पंपवाल्याची बायको दुसऱ्या मताची आहे आणि ते लपवत नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, “दोन्ही खरं आहे,” आणि टेबलावरचा ढीग पुढे ओढते. नाक आलेलं नाही. पेरं पुन्हा सुजली आहेत. टेबल शेडबाहेर असल्यामुळे तिथे जाळी नाही, माशा मनसोक्त बसतात.

पंपवाला पुष्कळ दिवस तिच्याशी बोलत नव्हता. आता बोलतो, मोजकं. खड्ड्यात उतरायचं असलं की तो मीटर आत सोडतो, वर काढतो आणि टेबलापाशी येऊन तिच्यासमोर धरतो. तसा नियम नाही. आत लागलेला सर्वांत मोठा आकडा मीटर धरून ठेवतो, आणि तो त्याने आधीच वाचलेला असतो.

“वहिनी, उतरू?”

ती ओले हात ओच्याला पुसते, मीटर हातात घेते, डोळ्यांजवळ आणते. काचेवरचं पाणी अंगठ्याने पुसून आकडा पुन्हा बघते.

“थांब,” ती परवा म्हणाली. “पुन्हा सोड. तळापर्यंत.”

तो काही न विचारता परत गेला.